खेळण्यांचे दप्तर

नाणी, ताम्रपट, पोथ्या, शिल्पे या वस्तू ज्यांनी घडविल्या त्यांच्या मनात आपली कृती पुढील पिढ्यांनी पाहावी अशी काही ना काही इच्छा होतीच. त्यामुळे त्या टिकल्या यात नवल थोडे, आणि त्या जपणाऱ्याला समाजाने मान दिला यातही नवल नाही. परंतु मुलाने मातीत लोळवावी, न्हाणीघरात भिजवावी, हातपाय निखळेपर्यंत तिच्याशी झुंजावे आणि पुढच्या वाढदिवसाला नवी वस्तू आली म्हणजे विसरून जावी, एवढ्याच हेतूने जी वस्तू कारखान्यातून बाहेर पडली, ती चाळीस-पन्नास वर्षांनी आपल्या मूळच्या बंदुकीसह, मूळच्या टोपीसह आणि क्वचित मूळच्या वेष्टनासह कोणाच्या हाती लागते, तेव्हा तिच्या मागे किती योगायोग उभे असतात याचा विचार केला तर मन थक्क होते. हे योगायोग हुडकीत हिंडणाऱ्यांचा एक मोठा वर्ग आज जगभर आहे. त्यांच्या छंदाला पोरकटपणा म्हणून बाजूला सारण्याची आपल्याकडे रीत आहे. ती मला अन्यायाची वाटते. कारण हे लोक जे जमवितात ते वरवर प्लास्टिक दिसले, तरी वस्तुतः ते विसाव्या शतकातील कारखानदारीचे, व्यापाराचे आणि बालपणाचे दप्तर आहे, आणि हे दप्तर सांभाळण्याची तजवीज सरकारांनी क्वचितच केली आहे.

ज्या खेळण्याला आता मराठीतही ‘अ‍ॅक्शन फिगर’ म्हणतात त्याचा जन्म १९६४ सालचा. मॅटेल कंपनीने १९५९ मध्ये बार्बी बाजारात आणून मुलींच्या खेळण्यांचा व्यापार पालटून टाकला होता. निरनिराळे पोशाख चढवावेत, पोशाख वेगळे विकावेत, हे तिचे तंत्र मुलग्यांच्या बाबतीत का चालू नये, ही कल्पना स्टॅन वेस्टन नावाच्या गृहस्थांना सुचली, आणि ती त्यांनी एक लाख डॉलर घेऊन ऱ्होड आयलंडमधील हॅसेनफेल्ड बंधूंच्या कंपनीला, म्हणजे पुढे हॅस्ब्रो या नावाने जगभर प्रसिद्ध झालेल्या पेढीला, विकली. डॉन लेव्हिन यांच्या देखरेखीखाली साडेअकरा इंच उंचीचा, सांध्यासांध्यांत हलणारा सैनिक तयार झाला. त्याचे नाव जी. आय. जो. मुलगे बाहुल्यांशी खेळणार नाहीत या धास्तीने त्याला बाहुली म्हणून न विकता ‘अ‍ॅक्शन फिगर’ हे नवे नाव देण्यात आले आणि ते पुढे साऱ्या जातीलाच चिकटले. मनुष्यदेहाच्या आकृतीवर मालकी सांगणे अवघड. म्हणून नकलांपासून बचाव करण्यासाठी त्याच्या उजव्या गालावर एक व्रण ठेवला गेला, आणि उजव्या अंगठ्याचे नख जे आतल्या बाजूस वळलेले होते तेही तसेच राहू देण्यात आले. जुना जो समोर आला की जाणकार माणूस त्याच्या मुद्रेकडे पाहण्यापूर्वी अंगठ्याकडे पाहतो तो याच कारणाने. लेव्हिन यांच्याजवळचा मूळ हस्तनिर्मित नमुना २००३ साली लिलावात दोन लाख डॉलरना गेला.

मात्र या छंदाला आजचे विराट रूप आले ते त्या थोराड सैनिकामुळे नव्हे. ते आले पावणेचार इंचांच्या लहान आकृतींमुळे. १९७७ च्या मे महिन्यात ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट अमेरिकेत झळकला, आणि खेळण्यांचा मक्ता घेतलेल्या सिनसिनाटीच्या केनर कंपनीची तारांबळ उडाली; कारण चित्रपटाला एवढे यश मिळेल असे कोणी धरले नव्हते आणि नाताळापर्यंत साचे तयार होणे अशक्य होते. तेव्हा कंपनीने एक विलक्षण तोड काढली. तिने खेळणी नव्हे, तर खेळण्यांचे वचन विकले: पुठ्ठ्याचा एक देखावा व एक प्रमाणपत्र असलेले पाकीट दुकानांत ठेवले, आणि ते प्रमाणपत्र भरून पाठविणाऱ्या मुलांना १९७८ च्या आरंभी चार आकृती टपालाने घरपोच केल्या. त्या एका वर्षात चार कोटींहून अधिक खेळणी विकली गेली असे सांगतात. अवकाशयाने मोठी, तेव्हा त्यांत बसणारी माणसे लहान हवीत, म्हणजे यानाची किंमत आईबापांच्या आवाक्यात राहील, हा त्या पावणेचार इंचांमागचा सरळ हिशेब. आणि तो इतका यशस्वी ठरला की १९८२ मध्ये हॅस्ब्रोनेही आपला सैनिक त्याच मापाचा करून पुन्हा बाजारात आणला.

आता सामान्य वाचकाला पडणारा प्रश्न असा, की जी वस्तू कोट्यवधींनी निघाली ती दुर्मीळ कशी? याचे उत्तर या छंदाच्या मर्मस्थानी आहे. जिन्नस मुबलक असतो. दुर्मीळ असतो तो त्या जिन्नसाच्या इतिहासातील एखादा फेरफार. ‘जावा’ या बुटक्या पात्राची आकृती प्रथम प्लास्टिकचा पातळ झगा घालून विक्रीस आली. मोठ्या आकृतींएवढीच किंमत आणि अंगावर हा दरिद्री झगा, हे गिऱ्हाइकाला पटणार नाही असे वाटून कंपनीने लवकरच कापडी झगा शिवला. आणि त्या अल्प मुदतीत विकले गेलेले प्लास्टिकच्या झग्याचे जावा आज संग्राहक दिवा घेऊन शोधतात. मूळ आकृती तीच, साचाही तोच. फरक फक्त त्या चिंधीवजा झग्याचा.

याहून मौजेची कथा स्नॅगलटूथची. सीअर्स या दुकानसंस्थेसाठी १९७८ मध्ये खानावळीच्या प्रसंगाचा एक संच करावयाचा होता आणि त्यातील एका प्राण्याचे जे छायाचित्र कारागिरांच्या हाती आले ते कृष्णधवल असून त्यात देहाचा वरचाच भाग दिसत होता. उंचीचा पत्ता नाही, रंगाचा पत्ता नाही. तेव्हा त्यांनी तर्काने त्याला उंच केले, निळा पोशाख चढविला आणि पायांत चंदेरी बूट दिले. मागाहून कळले की चित्रपटातील ते पात्र ठेंगणे आहे. चूक दुरुस्त झाली आणि पुढे बुटका, लाल पोशाखाचा स्नॅगलटूथ घरोघर पोहोचला; पण त्या एका संचातून बाहेर पडलेला उंच निळा मात्र कायमचा जातीबाहेरचा राहिला, आणि म्हणूनच संग्राहकांना तो अधिक प्रिय झाला. १९८५ मध्ये मालिका आवरती घेताना निघालेल्या ‘याक फेस’ची तऱ्हा निराळी: तो अमेरिकेतील दुकानांत आलाच नाही, परदेशांतच विकला गेला, आणि ज्या देशात ही खेळणी जन्मली तेथील संग्राहकांनाच तो परदेशांतून मागवावा लागला.

‘स्टार वॉर्स’मधील बोबा फेट या पात्राची गोष्ट वृत्तपत्रांतून गाजली आहे, तरी ती येथे सांगितलीच पाहिजे. १९७९ मध्ये केनरने जाहिरात दिली की चार खेळण्यांच्या खरेदीचे दाखले पाठविणाऱ्यास हा नवा वीर मोफत मिळेल आणि त्याच्या पाठीवरून खरोखरीचा अग्निबाण सुटेल. तेवढ्यात दुसऱ्या एका कंपनीच्या अवकाशयानातून सुटणारा असाच लहानसा बाण घशात अडकून एका मुलाचा मृत्यू झाला. केनरने अग्निबाण आकृतीलाच पक्का चिकटवून टाकला, आणि मुलांच्या हाती पोहोचलेल्या एकाही बोबा फेटने कधी बाण सोडला नाही. कारखान्यात चाचणीसाठी केलेले मोजके नमुने तेवढे मागे उरले. त्यांपैकी हाताने रंगविलेला एक २०२४ मध्ये लिलावात ५,२५,००० डॉलरना विकला गेला. या आकड्याने अनेकांचे डोळे दिपले, आणि खेळणी जमविणे म्हणजे द्रव्य कमावणे अशी समजूत पसरली. ती फसवी आहे. जो नमुना दुकानात कधीच आला नाही त्याच्या भावावरून, दुकानांतून विकल्या गेलेल्या कोट्यवधी खेळण्यांचा भाव ठरत नाही.

खरा आनंद आहे तो परीक्षेचा. केनरच्या आकृतीच्या पायामागे बारीक उठावाची अक्षरे असतात: हक्क सांगणाऱ्या संस्थेची आद्याक्षरे, एक साल, आणि हाँगकाँग, तैवान अशा एखाद्या उत्पादनस्थळाचे नाव. नवखा माणूस ते साल वाचून आकृती त्याच वर्षीची मानतो. पण ते साल हक्कनोंदणीचे असते, घडणीचे नव्हे, आणि त्याच सालाचा शिक्का घेऊन ती आकृती पुढे कित्येक वर्षे निघत राहते. म्हणून अनुभवी संग्राहक अक्षरांचा आकार, त्यांची मांडणी, रंगाची छटा, डोळ्यांची रेघ असे सारे पुरावे एकत्र करून कारखान्याचा ठाव घेतात. चिमुकल्या शस्त्रांच्या बाबतीत तर नकलांचा सुळसुळाट आहे. जुनी अस्सल शस्त्रे पाण्यावर तरंगतात आणि बहुतेक नकली बुडतात, ही परीक्षा या मंडळींत रूढ आहे. पण केवळ तिच्यावर भिस्त ठेवू नये, कारण नक्कल करणारेही शिकत असतात. वेष्टनासह मिळालेल्या वस्तूचे शास्त्र आणखी वेगळे. पुठ्ठ्यावर दुकानात टांगण्यासाठी जे छिद्र असते त्याचा तुकडा अजून जागीच आहे काय, पारदर्शक फुगा पिवळा पडला आहे काय, मागील बाजूस किती आकृतींची चित्रे छापली आहेत, या तपशिलांवरून तो पुठ्ठा कोणत्या हंगामातला ते सांगता येते. हे वाचन मला जुन्या कागदांचे शिक्के आणि शाई तपासणाऱ्या संशोधकाच्या वाचनाइतकेच आदरणीय वाटते.

आणि येथेच या कथेचा धागा आपल्या प्रदेशाशी येऊन जुळतो. आपल्याकडे ग्राहकोपयोगी मालाच्या आयातीवर दीर्घकाळ निर्बंध होते. संख्यात्मक निर्बंध पूर्णपणे उठले ते १ एप्रिल २००१ रोजी. तोपर्यंत परदेशी खेळणे भारतीय दुकानात यावयाचे तर ते बहुधा येथेच घडविले जाणे भाग होते. एम. आर. एफ. या टायर कंपनीने हॅस्ब्रोच्या सहयोगाने १९८७ मध्ये फनस्कूल ही कंपनी काढली आणि तिचा कारखाना गोव्यात उभा राहिला. जी. आय. जो.च्या लहान आकृतींचे पोलादी साचे हॅस्ब्रोकडून भारतात आले. अशा साच्यांचा प्रवास हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. एका देशातील मागणी ओसरली की साचा दुसऱ्या देशी रवाना व्हावयाचा. ब्राझीलमध्ये एस्त्रेला, अर्जेंटिनात प्लास्तिरामा अशा कंपन्यांनी हॅस्ब्रोच्या साच्यांतून आपापले सैनिक ओतले, आणि प्रत्येक ठिकाणी उपलब्ध प्लास्टिक, उपलब्ध रंग व स्थानिक आवड यांनी त्या सैनिकाचे रूप थोडे थोडे पालटत गेले.

गोव्याच्या सैनिकांचे रूप तर सहज ओळखू यावे असे. अमेरिकेत ज्याचा गणवेश मळकट हिरवा तो आपल्याकडे कधी भडक पिवळ्या, कधी निळ्या वेषात दिसतो. रंगकामाचे हात कमी दिलेले असतात. एका खेपेतील छटा दुसऱ्या खेपेत जमेलच असे नाही. पुष्कळ वर्षे हा कमीपणा समजला गेला. पण हॅस्ब्रोने १९९४ मध्ये अमेरिकेतील ही मालिका बंद केल्यानंतरही फनस्कूलने जुन्या साच्यांतून त्याच बांधणीचे सैनिक काढणे नव्या शतकाच्या आरंभापर्यंत चालू ठेवले, आणि अमेरिकेतील संग्राहकांना जेव्हा कळले की आपल्याकडे जे संपले ते भारतात दुकानांतून साध्या रुपयांत विकले जात आहे, तेव्हा ते त्यांवर तुटून पडले. व्यापाऱ्यांनी पेट्याच्या पेट्या समुद्रापार नेल्या. आज फनस्कूलच्या आकृतींच्या छटाभेदांच्या सर्वांत बारकाईने केलेल्या याद्या पाहावयाच्या तर परदेशी संग्राहकांच्या कामाकडे वळावे लागते. ज्यांच्या बालपणात त्या आकृती होत्या त्या आपल्या पिढीकडे त्यांचा हिशेब नाही. हे मला मनापासून डाचते.

अशी एखादी आकृती जुन्या बाजारात हाती आली म्हणजे ती कशी पाहावी ते सांगतो. पुण्यात बुधवारी व रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात कुलपे, पाने, घड्याळांची यंत्रे यांच्या ढिगात पाय वर करून पडलेला हा सैनिक उचलला की बहुधा त्याचा कमरेखालचा भाग लोंबत असतो. विक्रेता तो मोडका म्हणून देतो. पण तो मोडलेला नसतो. त्याच्या पाठीत एकच स्क्रू असतो. तो सैल केला की छातीचे दोन अर्धे भाग दूर होतात, आणि आत दिसते ती एक काळी रबरी कडी, पायांना जोडणाऱ्या धातूच्या आकड्यात अडकविलेली. सारे शरीर तिच्या ताणावर उभे असते. वर्षांनुवर्षांच्या उष्म्याने रबर कुजते व तुटते. त्याच मापाची नवी रबरी कडी नळकामाच्या साहित्याच्या दुकानात अल्प किमतीत मिळते. ती बसविली, स्क्रू हलक्या हाताने आवळला, की सैनिक पुन्हा ताठ उभा राहतो. स्क्रू जोराने मात्र कधी आवळू नये, पाठीचे प्लास्टिक तडकते. यानंतर अंगठे पाहावेत, कारण बंदूक कोंबताना मुलांच्या हातून प्रथम तुटतात ते अंगठेच. मग हात. हॅस्ब्रोच्या १९८२ च्या पहिल्या सैनिकांचे हात कोपराच्या वर गोल फिरत नाहीत. १९८३ पासून ती सोय झाली, आणि तेवढ्यावरून पहिल्या वर्षाचा माल वेगळा काढता येतो.

पुठ्ठा मिळाला तर तो आकृतीहून मोलाचा समजावा. त्याच्या मागील बाजूस त्या सैनिकाचे नाव, जन्मस्थान, हुद्दा व स्वभाव सांगणारे सेवापुस्तकासारखे टिपण असे. लॅरी हामा या लेखकाने ही टिपणे मोठ्या कळकळीने लिहिली, आणि मुलांनी ती कात्रीने कापून ठेवावीत अशी योजना होती. सांगितल्याप्रमाणे मुलांनी ती कापलीच. म्हणून अखंड पुठ्ठे थोडे. भारतीय पुठ्ठ्याला आणखी एक किंमत आहे. १९७७ च्या वेष्टित मालाच्या नियमांनी आपल्याकडे वेष्टनावर किंमत व उत्पादनाचा महिना-वर्ष देणे बंधनकारक केले होते. त्यामुळे जो काळनिर्णय अमेरिकी संग्राहकाला चित्रांच्या संख्येवरून तर्काने करावा लागतो, तो आपल्या पुठ्ठ्यावर कित्येकदा छापील शब्दांत मिळण्याचा संभव असतो.

शोधाचे मार्ग पूर्वीसारखे मोकळे नाहीत. खेळण्यांच्या व्यापारी आयातीवरील सीमाशुल्क २०२० मध्ये वीस टक्क्यांवरून साठ टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये सत्तर टक्क्यांवर गेले, तसेच १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणचिन्ह सक्तीचे झाले. मुलांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने हे नियम योग्य आहेत याविषयी मला शंका नाही. पण त्यामुळे भारतीय संग्राहकाने परदेशाकडे डोळे लावण्यापेक्षा स्वतःच्या गावाकडे पाहणे अधिक शहाणपणाचे. तालुक्याच्या ठिकाणच्या जुन्या स्टेशनरीच्या दुकानाच्या माळ्यावर, बंद पडलेल्या शाळेच्या भांडारात, पोटमाळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत अजून पुष्कळ काही पडून आहे. तेथे जाताना घासाघीस करण्याच्या आवेशात जाऊ नये. दुकानदाराशी चार गोष्टी बोलाव्यात, माल त्याच्याकडे कोणी पोहोचविला, कोणत्या सालाच्या सुमारास आला, हे विचारावे व घरी आल्यावर लिहून ठेवावे. वस्तू उन्हात ठेवू नये, पांढरे प्लास्टिक पिवळे पडते. दमट हवेत पुठ्ठ्याला बुरशी धरते, तेव्हा कोकणात राहणाऱ्यांनी पावसाळ्यात विशेष जपावे.

फनस्कूलच्या गोव्यातील कारखान्यात साच्यांवर व रंगकामावर ज्यांनी हात चालविले ती माणसे आज वृद्धत्वाकडे झुकली आहेत. कोणत्या वर्षी कोणता साचा आला, अमुक सैनिक निळाच का निघाला, त्या दिवशी कोणत्या रंगाचे दाणे शिल्लक होते, हे त्यांच्याशिवाय कोणालाही सांगता येणार नाही. ज्या वाचकांच्या ओळखीत अशी कोणी व्यक्ती असेल त्यांनी तिच्याजवळ बसून हे सारे तिच्याच शब्दांत लिहून घ्यावे. आणि ज्यांच्या माळ्यावर अशी खेळणी असतील त्यांनी ती रद्दीवाल्याच्या काट्यावर चढविण्यापूर्वी पुठ्ठ्याची मागची बाजू एकदा वाचून पाहावी.